पत्तेबंदीच्या ठरावाचं काय झालं

मी आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की मुलुंड पूर्वेच्या आमच्या भाग्योदय सोसायटीतली पोरं माझी नक्कल करताना आधी चष्मा नाकावर खाली ओढतात आणि मग हेच म्हणतात. बदाम सात नाही, झब्बू नाही. लग्नाच्या वऱ्हाडात अख्खी बस मेंढीकोट खेळत असताना खिडकीबाहेर झाडं बघत बसलेला माणूस तो मी. सोसायटीने मला वर्षानुवर्षं सेक्रेटरी ठेवलं ते याच स्वच्छ हातांमुळे, असा माझा समज आहे. दुसरं कोणी ते काम घ्यायला तयार नाही म्हणून ठेवलं, असा माझ्या बायकोचा, म्हणजे कुंदाचा, समज आहे.

या स्वच्छ कारभाराला एकच डाग होता, आणि तो दुसऱ्या मजल्यावरच्या हर्षदभाईंनी पाडला होता. तसा माणूस सोन्यासारखा. पण श्रावणात गोकुळाष्टमी आली की त्यांच्याकडे पत्ते खेळायची रीत, आणि आमची इमारत म्हाडाची, घरं लहान, म्हणून खाली पार्किंगमध्ये सतरंज्या पडायच्या. घाटकोपरचे मेव्हणे यायचे, बोरिवलीचे साडू यायचे, ढोकळ्याचे ट्रे यायचे आणि तीन पत्ती रंगायची. मी दरवर्षी खाली जाऊन दिवे घालवायचो आणि ते मोबाइलच्या उजेडात पुढे खेळायचे. वर मलाच बसायचा आग्रह करून हातात ढोकळा ठेवायचे. ढोकळा मी खायचो. तत्त्व वेगळं, ढोकळा वेगळा.

यंदा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. रविवारच्या वार्षिक सभेसाठी मी ठराव क्रमांक एक लिहिला: सोसायटीच्या आवारात नशिबावर अवलंबून असलेला कोणताही खेळ, प्रकार वा व्यवहार करण्यास सक्त मनाई आहे. ‘प्रकार वा व्यवहार’ हे शब्द वजन यावं म्हणून मागाहून घातले. नोटीस काचेच्या फळ्यात लावली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं की ठराव नापास झाल्यास मी पद सोडेन. आता माझी इज्जत आणि तो ठराव एकाच खिळ्याला टांगलेले होते.

आणि त्याच आठवड्यात पाच रस्त्याच्या साडीच्या दुकानातून फोन आला.

कुंदाने तिथे रेवतीसाठी, म्हणजे आमच्या पुण्याच्या लेकीसाठी, साडी घेतली होती. त्यावर कूपन मिळालं. कुंदाचा चष्मा घरी राहिलेला, म्हणून नाव-पत्ता मीच वळणदार अक्षरात भरला आणि विसरून गेलो. त्या कूपनाला बंपर बक्षीस लागलं होतं. दोघांना पणजीत दोन रात्री हॉटेल, आणि एक संध्याकाळ मांडवीतल्या कसिनोच्या जहाजावर, जेवणासकट.

मी नाही म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. पण कुंदा म्हणाली, “पणजीहून आपली देवी तासाभरावर. देवीचं राहिलंय.”

हे ‘देवीचं राहिलंय’ मी कित्येक वर्षं ऐकत आलोय. गिझर बंद पडला, देवीचं राहिलंय. न्हाणीघराची भिंत ओलावली, देवीचं राहिलंय. आम्ही पेडणेकर, कुलदेवी फोंड्याच्या बाजूला, आणि काही ना काही कारणाने जाणं लांबत गेलं. नेमकं काय राहिलंय हे मी कधी विचारलं नाही, कारण अशा गोष्टी विचारल्या की उत्तर मिळतं. जहाजाकडे ढुंकूनही बघायचं नाही या अटीवर मी तयार झालो.

सोसायटीत आम्ही फक्त कुलदेवीचं सांगितलं. पण पावसाळ्यात नवराबायको गोव्याला कुलदेवीला निघालेत यावर मुंबईत कोणी विश्वास ठेवत नाही. पहिल्या मजल्यावरच्या सुहासिनीबाईंनी “तुम्ही? गोव्याला?” असं म्हणून मला नखशिखांत न्याहाळलं आणि काजू आणायला सांगितले. तळमजल्यावरच्या अंबादासने मला मीटरच्या पेटीमागे ओढून एक बाटली आणायला सांगितली, बायकोच्या गुडघ्याला चोळायला. मी म्हटलं, अरे मी देवदर्शनाला चाललोय. तो म्हणाला, आम्हीपण दरवर्षी देवदर्शनालाच जातो, फक्त सकाळी उठवत नाही.

हॉटेल झकास होतं. खिडकीतून नदी दिसत होती आणि नदीत ती जहाजं. दिवसाउजेडीही त्यांचे दिवे लागलेले. वीज कोण भरतं, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार येण्याआधी रिसेप्शनवरच्या मुलीने एक कार्ड पुढे केलं. बक्षिसाच्या नियमाप्रमाणे या कार्डावर आज रात्री जहाजाचा शिक्का हवा. शिक्का नसेल तर खोलीचं भाडं आमच्याकडून. मी तिला शांतपणे समजावलं की मी जुगाराविरुद्ध सोसायटीत ठराव मांडलेला माणूस आहे. तिने तितक्याच शांतपणे विचारलं, ठरावाची झेरॉक्स आहे का, मॅनेजरना दाखवते. झेरॉक्स नव्हती. सेक्रेटरीपदाच्या कारकिर्दीत मी झेरॉक्सशिवाय घराबाहेर पडलो ती ही एकच वेळ.

तेव्हा असं ठरलं की जायचं, शिक्का घ्यायचा, जेवायचं आणि नजर खाली ठेवून परत यायचं. जहाज म्हणजे लागणार, म्हणून मी उलटीची गोळी घेतली. कुंदा एक पुरे म्हणत होती. मी दोन घेतल्या.

धक्क्यावर पहिला अपमान झाला. दारावरच्या माणसाने माझ्या पायांकडे बोट दाखवून सांगितलं की सँडल चालणार नाहीत. माझे सँडल चांगले, चामड्याचे, लग्नकार्यात चालणारे. पण नियम. शेजारच्या खिडकीत बूट भाड्याने मिळत होते आणि माझ्या मापाचे संपले होते. मिळाले ते दोन नंबर मोठे, काळे चकचकीत, टोकाला सुईसारखे निमुळते. देवीच्या दारात पादत्राणं काढायला लावतात आणि इथे घालायला लावतात, हा फरक मी कुंदाला बोलून दाखवला. ती पुढे निघून गेली होती. मी टॉक-टॉक करत मागे.

आत शिरलो आणि मला धक्का बसला. माझी तयारी वेगळ्या धक्क्याची होती. अंधार असेल, धूर असेल, गळ्यात साखळ्या घातलेली माणसं असतील, असं मला वाटलं होतं. बघतो तर आपलीच माणसं. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या एक आजी मशीनचं बटण दाबत होत्या आणि त्यांची सून त्यांना ताकाचा ग्लास देत होती. कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ गोल फिरणाऱ्या चाकाला हात जोडत होते. मागच्या टेबलावर एक कुटुंब, बहुधा डोंबिवलीचं, उद्याच्या नाश्त्यावरून भांडत होतं. गुन्हेगार म्हणून ज्यांचा तिरस्कार करायचा ती सगळी माणसं आमच्या हळदीकुंकवाला शोभतील अशी निघाली. मला कुठे बघावं कळेना.

तेवढ्यात कार्डावर शिक्का मारणाऱ्या बाईने आमच्या हातात रंगीत चकत्यांची एक चळत ठेवली. प्रवेशात येतात म्हणे, यांचे पैसे मिळत नाहीत, फक्त खेळता येतं, जिंकलं तर मात्र रोख मिळतात. मी त्या परत दिल्या. तिने मला परत दिल्या. मी म्हटलं, आम्ही खेळत नाही. ती म्हणाली, मग ठेवा, सकाळी त्या बाद होतील. ‘बाद होतील’ हे शब्द कुंदाच्या कानावर पडले आणि घात झाला. वाडग्यातला शेवटचा वरणाचा थेंब दुसऱ्या दिवशीच्या थालीपिठात घालणारी ही बाई. “वाया घालवायच्या?” असं तिने ज्या सुरात विचारलं तो सूर मी ओळखतो. त्यापुढे ठराव टिकत नाहीत.

मला गोळ्या चढायला लागल्या होत्या. मी एका वेटरला विचारलं, जहाज कधी सुटणार? तो म्हणाला, सर, हे सुटत नाही, इथेच असतं. म्हणजे उभ्या जहाजासाठी मी दोन गोळ्या खाल्ल्या होत्या. पापण्यांना जणू कोणी विटा बांधल्या. एक गुबगुबीत खुर्ची दिसली तिच्यात टेकलो. पुढचं मला कुंदाने सांगितलं म्हणून कळलं.

झालं असं, की चाकाच्या टेबलामागे काळं जाकीट घातलेली एक मुलगी उभी होती. तिच्या हातून काहीतरी पडलं आणि ती पुटपुटली, “अगो बाय माझे.” कुंदाचं माहेर कुडाळचं. ती जागच्या जागी वळली. “गो, तू खंयची?” मुलगी बांद्याची निघाली, नाव प्रांजल. बांद्यात कुंदाची मावशी. मावशीच्या घरामागची विहीर प्रांजलच्या आत्याच्या घरापुढे. संपलं. त्या झगझगाटात, परक्या लोकांत, कुंदाला माणूस सापडलं होतं. आईवडिलांना इथलं माहीत आहे का, रात्री जेवतेस कुठे, लग्नाचं बघतायत की नाही, अशी चौकशी सुरू झाली. प्रांजलने घरी हॉटेलात आहे म्हणून सांगितलं होतं. कुंदाने तिला खरं सांगून टाकायचा सल्ला दिला.

पण वरून देखरेख करणारा माणूस बघत होता. प्रांजल हळूच म्हणाली, “काकी, हंय बसाचा झाला तर कायतरी लावचा लागता.” तेव्हा कुंदाने एक चकती लावली. कुठे? आमच्या घराच्या नंबरावर, सतरावर. दुसरा नंबर तिला परका वाटला. चकती गेली. गप्पांसाठी दुसरी लावली. तीही गेली. तिसऱ्या चकतीला प्रांजलच्या आजीच्या सांधेदुखीवर काढा सांगणं चालू होतं, आणि चाकातली गोटी सतरावर जाऊन बसली.

मी जागा झालो तो अंगावर चमचमत्या कागदांचा पाऊस पडताना. कोणीतरी मला बगलेत धरून उभं केलं. डोक्यावर विजेत्याचा म्हणून सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट ठेवला. समोर चक्क दिवा मारला होता. माइक घेतलेला एक पोरगा कुंदाला विचारत होता, आंटीजी कहाँ से आए हो? कुंदाला पत्ता विचारला की ती पिनकोडसकट सांगते. मुलुंड ईस्ट, भाग्योदय सोसायटी, घर सतरा. वर माझ्याकडे हात करून अभिमानाने म्हणाली, हे तिथले सेक्रेटरी आहेत. टाळ्या पडल्या. फोटो निघाला.

बाहेर आलो तर बुटांची खिडकी बंद. माझे सँडल आत, मी बाहेर, आणि त्या धक्क्यावर पुन्हा पाऊल ठेवायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुंदाने जिंकलेल्या पैशांतून पणजीच्या बाजारात हिरवी नऊवारी घेतली, खण घेतला, नारळ घेतले. असल्या पैशाची ओटी देवीला चालेल का, एवढंच मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “इतकी वर्षं थकवलंय. साधी साडी कशी नेऊ?” देवळाच्या पायऱ्यांवर मी ते टोकदार बूट काढले, तेव्हा फुलवालीने शेजारणीला खूण करून दाखवले. देवळात थंडगार होतं. समया तेवत होत्या. पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. आपली जागा ही, असं मनाशी म्हणालो.

भटजींनी ओटी हातात घेऊन विचारलं, नवस कसला?

कुंदा म्हणाली, “घराचा. म्हाडाच्या सोडतीत घर लागू दे, तुझी ओटी भरीन, असं बोलले होते. लागलं.”

माझ्या हातातला नारळ सुटून गडगडत गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला. खरा धक्का हा. काल रात्रीचा त्यापुढे काहीच नव्हता. मी तिला कुजबुजत विचारलं की हे मला कधीच का सांगितलं नाहीस. घर लागलं ते आपल्या पात्रतेवर, मी अर्ज नीट भरला होता, सगळी कागदपत्रं जोडली होती.

“हजारोंनी नीट भरले होते,” ती म्हणाली. “चिठ्ठी आपली निघाली. तुम्ही अर्ज भरून गप्प बसलात, मग कोणीतरी देवीशी बोलायला नको?”

भटजींनी मान डोलावली. मी पण डोलावली असावी. आयुष्यभर पत्त्याला हात न लावणारा मी ज्या भिंतींमध्ये बसून हे सांगत होतो त्या भिंतीच मला सोडतीत लागल्या होत्या, आणि मी ते साफ विसरलो होतो. मला लाज वाटली, आणि रागही आला. राग कोणावर ते ठरवेपर्यंत आरती सुरू झाली.

देवळाबाहेर फोनला रेंज आली आणि तो थरथरायलाच लागला. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो होता. कसिनोवाल्यांनी तो आपल्या पानावर टाकला होता, घाटकोपरच्या मेव्हण्यांनी तो पाहिला होता आणि हर्षदभाईंकडे पोचवला होता. डोक्यावर मुकुट, पायात टोकदार बूट, खांद्याला खांदा लावून मला सावरणारे दोन वेटर, आणि माझे डोळे अर्धवट मिटलेले. पाहणाऱ्याला वाटावं, बाटली संपवून उभा आहे. हर्षदभाईंनी खाली एकच ओळ लिहिली होती: कुलदेवी पावली. अंबादासने विचारलं होतं, बाटली घेतली का? सुहासिनीबाईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं, ते मला सगळ्यात जास्त लागलं. उलटीच्या गोळ्यांचा खुलासा मी परतीच्या गाडीत लिहायला घेतला आणि पाचव्यांदा खोडला, कारण तो वाचून माझाही विश्वास बसत नव्हता.

मुलुंडला उतरलो तेव्हा पायात तेच बूट. वॉचमन धोंडिरामने आधी बुटांना सलाम केला, मग मला.

रविवारी सभेला कधी नव्हे ती गर्दी. एरवी गणसंख्या भरायला मी दारोदार फिरतो, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. मी राजीनामा खिशात घालून गेलो होतो. ठराव मांडायचा, ते हसतील, आपण राजीनामा द्यायचा आणि मान ताठ ठेवून वर जायचं, असं सगळं मनात बसवलं होतं. उभा राहिलो, ठराव क्रमांक एक वाचला. कोणी हसलं नाही.

हर्षदभाईंनी हात वर केला. मला वाटलं, आता फोटो येणार. पण त्यांनी फोटोचं नावही काढलं नाही. माणूस सोन्यासारखा, म्हटलंच आहे. “विद्याधरभाई, फक्त एक पॉइंट. ठराव एक पास झाला तर दोन नंबरचं काय करायचं? पार्किंगचा ड्रॉ. तुमीच लिवलंय, नशिबाचा व्यवहार बंद.”

मी विषयपत्रिका बघितली. क्रमांक दोन: पार्किंगच्या जागांचे चिठ्ठ्या टाकून वाटप. चिठ्ठ्यांचा स्टीलचा डबा माझ्यासमोरच होता. मीच रात्री बसून चिठ्ठ्या केल्या होत्या, सारख्या मापाच्या, सारख्या घडीच्या.

मी म्हटलं, पार्किंग हा खेळ नव्हे. अंबादास म्हणाला, मग छपराखालची जागा नशिबाशिवाय लागते का? आणि तेव्हा मागच्या रांगेतून कुंदा उठली. इतक्या वर्षांत ती सभेत एकदाही बोललेली नव्हती.

“आणि या घरांचं काय करायचं?” तिने विचारलं. “सगळ्यांनी म्हाडाला परत करायची का?”

सभेत बसलेला एकूण एक माणूस सोडतीत घर लागलेला. माझ्या डोक्यामागे भिंतीवर पितळेच्या अक्षरांत ‘भाग्योदय’ लिहिलेलं होतं. हे नाव पहिल्या सभेत सुचवलं कोणी, तर मी. घर लागल्याच्या आनंदात डोळ्यांत पाणी येऊन सुचवलं होतं. आता मागे वळून ते वाचायची माझी हिंमत झाली नाही.

मी ठराव मागे घेतला. खिशातून राजीनामाही काढला. तो मंजूर करावा म्हणून सूचक मिळाला, पण अनुमोदक काही मिळेना, कारण अनुमोदन देईल त्याच्याच गळ्यात सेक्रेटरीपद पडेल अशी सगळ्यांना भीती. राजीनामा बारगळला. कुंदाचा समज खरा होता, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

मग डबा हलवला. भाग्योदयमध्ये छपराखालची जागा एकच, बाकी सगळ्या गुलमोहराखाली, जिथे कावळे मुक्कामाला असतात. माझी गाडी वर्षानुवर्षं त्या कावळ्यांच्या सेवेत आहे. त्या छपरासाठी पहिलं नाव काढायला सुहासिनीबाईंनी डब्यात हात घातला. घडी केलेला कागद बाहेर आला. त्या पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या. मी टेबलाची कड घट्ट धरली, डोळे मिटले, आणि माझे ओठ आपोआप हलले.

जागा हर्षदभाईंना लागली. त्यांनी सगळ्यांना ढोकळ्याचं कबूल केलं आणि गोकुळाष्टमीला सतरंज्या आता छपराखाली घालणार, पावसाची चिंता मिटली, असं मला मोठ्या प्रेमाने सांगितलं. मी अभिनंदन केलं.

कुंदा जवळ येऊन उभी राहिली. चिठ्ठी उघडताना तिने चिठ्ठीकडे बघितलंच नव्हतं, ती माझ्याकडे बघत होती.

“काय बोललात देवीला?” तिने हळूच विचारलं.

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. “ओटी,” मी म्हणालो. “आणि पाच नारळ.”

“एका छपरासाठी?” कुंदा म्हणाली. “मी अख्ख्या घराला एक ओटी बोलले होते. तुम्ही फार मोठा डाव लावता हो.”